पाच-चाळीसचं तेल

२ मार्च २०२६

दादाले जयभीम.

पाकिटावरचं अक्षर वळखून तू हे पत्र न वाचताच फाडशीन, म्हणून आधी कामाचं विचारते. बाकीचं मंग. आपल्या जुन्या जीपच्या इंजिनात कोणतं तेल टाकू? नंबर सांग.

काहून विचारून राह्यली तेही सांगते. जीप मी खोलली. चार वर्षं ती घरामागं बोरीखाली उभी होती, सीटवर कोंबड्या बसत होत्या, अन् माय रोज सकाळी स्टेअरिंगखाली हात घालून अंडे शोधे. गेल्या दिवाळीले मी बाबाले म्हटलं, मले द्या, मी दुरुस्त करते. बाबा म्हणे, तुले काय जमते त्यातलं. तुले मालूम नसन, पण तू गेल्यावर मी पांढरकवड्याले आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकले नाव टाकलं. वर्गात एकोणीस पोट्टे अन् मी एकली. आता खेमसिंग काकाच्या गॅरेजात कामाले आहो. हो, तेच खेमसिंग काका, ज्यायनं तुह्या तेलाले पाणी म्हटलं होतं. झरीहून सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. जीपचं काम रविवारी.

क्रँक घासून आणला, बेरिंग नवे टाकले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. इंजिन गाडीत बसलं. फक्त खालचं चेंबर कोरडं आहे. तेल टाकायचं अन् चाबी फिरवायची, एवढंच राह्यलं. पण दोन रविवार झाले, मी गाडीजवळ जाते अन् हात पुसून परत येते.

अन् वेळ कमी आहे. बाबानं सांगतलं, बुद्ध पौर्णिमा झाली की भंगारवाल्याले बोलावतो. मी म्हटलं, चालू झाली तरी? म्हणे, चालू झाली तरी, ते गाडी मले डोळ्यापुढं नको. आता बाबा दुसऱ्याची गाडी चालवते, वणीच्या एका शेठची. स्वतःच्या जीपकडं पाठ करून जेवाले बसते.

तुहा नंबर बदलला, आम्हाले दिला नाही. पत्ता सापडला तो तू डिसेंबरात मायले लोकरीची टोपी पाठवली होती, तिच्या कागदावर. लेहकडचा रस्त्याच्या कामाचा कॅम्प. माय ती टोपी घालत तर नाही, इकडं कोण घालन. पण उशीखाली ठेवते.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. पुसदच्या अलीकडचा घाट, माह्या मांडीवर तुह्या साखरपुड्याच्या पेढ्याचे डबे, धूर, अन् सगळ्यांपुढं बाबानं तुले मारलेली थापड. तुले सांगायची गरज नाही. मी फक्त तेलाचा नंबर विचारून राह्यली.

साधना


२७ मार्च २०२६

दादा, जयभीम.

पाकीट भेटलं. आत पत्र नाही, जयभीम नाही, माय कशी आहे नाही. तेलाच्या खोक्याचा फाडलेला एक तुकडा, त्यावर छापलेलं पाच डब्ल्यू चाळीस, चाळीसले पेनानं गोल, अन् मागं तीन शब्द: ‘दुसरा आकडा वाच.’ बाप्पा, चार वर्षांत तीन शब्द. तरी मायनं तो तुकडा माह्या हातातून घेतला अन् बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत खोसून ठेवला. तिले वाटलं चिठ्ठीच आहे.

दुसरा आकडा वाचला. नुसता वाचला नाही, आयटीआयचं पुस्तक काढून पुन्हा शिकली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. सकाळी गार पडलेलं इंजिन लावलं की तेल किती लवकर पळते, ते तो सांगते. तुमच्याकडं शून्याच्या खाली वीस जाते, तिथं पंधराचं तेल गुळावानी बसत असन, म्हणून तुम्ही पाचचं टाकता. पण मागचा आकडा तापलेल्या इंजिनाचा. इंजिन एकदा तापलं की तुहं पाच-चाळीस अन् खेमसिंग काकाचं पंधरा-चाळीस, दोन्ही सारखेच जाड. आपल्याकडं हिवाळ्यात लय झालं तर पारा नऊ-दहावर येते. पाच काय अन् पंधरा काय, सकाळी फरक पडत नाही. फरक पडन तो मे महिन्यात, पंचेचाळीस अंशात, घाटात, अकरा माणसं बसल्यावर. अन् तिथं दोन्ही चाळीसच.

म्हणजे त्या दिवशी सारं गाव जे बोलत होतं, ‘पोट्ट्यानं बर्फातलं पाच नंबरचं तेल आणून उन्हाच्या गाडीत ओतलं’, ते खोटं होतं. सगळ्यायनं पहिला आकडा वाचला. दुसरा कोणी वाचलाच नाही. तू तवा घाटात उभा राहून हेच सांगायचा प्रयत्न करत होता ना? तुहं अर्धं वाक्य मले अजून आठवते, “बाबा, मागचं चाळीस...” अन् मंग थापड.

मी तो तुकडा फोटोतून काढला, मायच्या शिव्या खाल्ल्या, अन् गॅरेजात नेला. खेमसिंग काकापुढं ठेवला, बाजूले पुस्तकातला तक्ता ठेवला, कोणत्या हवेत कोणतं तेल. काकानं चष्मा लावून दोनदा पाह्यलं. तीस वर्षं गाड्या खोलणारा माणूस, पण तक्ता पहिल्यांदाच वाचून राह्यला होता. मले वाटलं चिडन. चिडला नाही. एक ग्राहक गाडी घेऊन उभा होता, त्याले थांब म्हणे, अन् मले विचारलं, “मंग इंजिन कायनं गेलं, बेटा?”

मी म्हटलं, शोधून राह्यली.

दादा, हे मी खोटं बोलली. हे वाक्य एकदा लिहून खोडलं होतं, आता पुन्हा लिहिलं. मी शोधून नाही राह्यली. तू अजून एक तुकडा पाठव, कोराच पाठव, म्हणजे मले समजन का तू हे वाचतो आहे. मंग पुढचं लिहिते.

साधना


९ एप्रिल २०२६

दादा,

तुहा तुकडा आला नाही. नाही आला तरी लिहिते. तुकड्याची वाट पाह्यली तर मी अजून चार वर्षं काढीन, मी मले चांगली वळखते.

जयंती पाच दिवसांवर आली. विहाराची रंगरंगोटी चालू आहे. सुतार आला, दाराच्या चौकटीले हात लावला अन् बोट आरपार गेलं. सारी उधईनं खाल्ली. सुतार म्हणे, याले काळं तेल लावलं असतं तर अजून वीस वर्षं गेली असती, कोणी लावलं काहून नाही. बाबा तिथंच उभा होता. घरी निघून आला. मी त्याच्या मागं मागं आली. बाबाच्या पाठीकडं पाहूनच ठरवलं का आता लिहायचं.

आपल्याकडं तेल बदललं की जुनं काळं तेल कोणी फेकत नाही, तुले मालूम आहे. चौकटीले लावतो, गोठ्याच्या खांबाले लावतो, उधई लागू नये म्हणून. घट्ट असते, कुंच्यानं ओढल्या जात नाही, म्हणून त्यात डिझेल टाकून पातळ करतो. तू सुट्टीवर आला, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी जीपचं तेल बदललं, तुहं पाच-चाळीस टाकलं. जुनं निघालं ते बाबानं धरलं. विहाराच्या दारासाठी त्यात निम्मं डिझेल मिसळलं. अन् भरलं कायमध्ये? तुह्या रिकाम्या झालेल्या पांढऱ्या कॅनमध्ये. चांगला झाकणाचा कॅन, कोण फेकन. दुसरा तुह्या तेलाचा अर्धा कॅन तू पत्र्याखाली ठेवला होता. मले ते मालूम नोतं.

सकाळी पाचले आपली घाई. लाईट गेलेली. तू आंघोळीतून ओरडला, साधना, गाडीचं तेल पाहून घे, कमी असन तर पांढऱ्या कॅनमधलं टाक. जीप पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर उभी. मी डिपस्टिक ओढली, पुसली, घातली, ओढली. टोकाले जराक तेल. मले वाटलं, बाप्पा, तेलच नाही. ओट्यावर पांढरा कॅन होता, तो उचलला अन् ओतला. सारा ओतला, तीन लिटर तरी असन.

तेल काळं होतं. मले वाटलं, तेल काळंच असते. डिपस्टिकले रोज काळंच पाह्यलं होतं ना. डिझेलचा वास आला. मले वाटलं, डिझेलची गाडी आहे, वास येणारच. एकोणीस वर्षांची होती मी. मोबाईलच्या उजेडात ओतलं अन् रिकामा कॅन होता तिथंच ठेवला. तुले म्हटलं, दादा, भरलं. तू म्हटलं, शाब्बास.

तेल पातळ झालं ते तुह्यामुळं नाही. माह्यामुळं झालं. घाटात अकरा माणसं, वरून ऊन, अन् बेरिंगवर डिझेलनं पातळ झालेलं तेल. इंजिन दुसरं काय करन.

आता जे लपवलं ते लिहिते. हे मले आयटीआयमध्ये समजलं नाही. त्याच संध्याकाळी समजलं. पोरीकडच्या पुसदवाल्यायच्या ट्रॅक्टरवर बसून, जीप मागं बांधून आपण परत आलो. बाबानं ओट्यावर पाह्यलं अन् मले विचारलं, विहाराचं तेल होतं इथं, कुठं गेलं? मी म्हटलं, मालूम नाही. अन् म्हणता म्हणताच समजलं. तू घरातच होता, दादा. बॅग भरत होता. पहिल्या एसटीले अख्खी एक रात्र बाकी होती. मी एक वाक्य बोलली असती तर तू गेला नसता. मी भ्याली. बाबानं तुले मारलं, मले तर मारून टाकन, असं वाटलं. मंग एसटी गेली, अन् मंग रोज वाटे का आता बोलून काय होते.

मोनालीचं तुले कोणी सांगतलं नसन. तिचा काका मोटारसायकलनं आपल्याले घ्याले घाटात आला होता, त्यानं ते थापड पाह्यली. ज्या घरात नवरदेवाले रस्त्यावर मारते त्या घरी पोरगी देत नाही, म्हणे. तिचं लगन पुढच्या वर्षी दिग्रसले झालं, तिले एक पोरगी आहे. ते मी परत आणू शकत नाही. जे आणता येते ते आणते. तुहं नाव.

म्हणून मेकॅनिक झाली. म्हणून खेमसिंग काकाकडंच गेली. ज्या गॅरेजातून ते ‘पाच नंबर’ची गोष्ट गावात गेली, तिथूनच ते परत आणायची होती. आता बाबाले सांगायचं राह्यलं. जयंती होऊ दे, मंग सांगते. पौर्णिमेच्या आत सांगते. लिहून देते.

साधना


२० एप्रिल २०२६

दादा, जयभीम.

सांगतलं. काल सकाळी, रविवार पाहून. बाबा बोरीखाली दाढी करत होता, आरसा फांदीले टांगून, जीपकडं पाठ करून. मी पुढं उभी राह्यली अन् सारं एका दमात सांगतलं, कॅन, उतार, वास, मालूम नाही म्हटलं ते. मले वाटलं वस्तरा ठेवन अन् हात उचलन. मी गाल पुढं करूनच उभी होती.

बाबानं राह्यलेली दाढी केली. तोंड धुतलं. मंग घरात गेला, माळ्यावर चढला अन् गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी खाली आणलं. सोडलं तर आत पांढरा कॅन. तुहा. रिकामा. त्याच्या तळाशी वाळलेलं काळं तेल अजून होतं.

“मले त्याच सांजेले समजलं होतं, पोरी,” बाबा म्हणे. “तू मालूम नाही म्हटलं अन् मी तुह्या तोंडाकडं पाह्यलं.”

दादा, मी तिथंच खाली बसली. चार वर्षं मी याले भेत होती, अन् हा चार वर्षं कॅन लपवून बसला होता. मी विचारलं, मंग काहून नाही बोलले. बाबा म्हणे, तुहं नाव निघालं असतं तर गावानं तुले जन्मभर ऐकवलं असतं, भावाचं लगन मोडलं म्हणून. तो पोट्टा होता, बाहेर नोकरीवर होता, तो झेलन असं वाटलं. मंग कॅनचं झाकण फिरवून पाह्यलं. मंग म्हणे, “अन् कॅन तर मीच भरला होता.”

म्हणून ते गाडी डोळ्यापुढं नको होती. म्हणून विहाराच्या चौकटीले पुन्हा कधी तेल लावलं नाही. लावाले घेतलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, मागच्या खेपेचं काय झालं.

माय चुलीपाशी होती. आम्हाले वाटलं तिले ऐकू गेलं नाही. ती बाहेर आली, हाताले पीठ तसंच. आपली माय कधी आवाज चढवत नाही, तुले मालूम आहे. काल पण चढवला नाही. म्हणे, “तुमी दोघं रोज एका ताटापाशी बसून जेवले, अन् माह्या लेकराले बर्फात टाकलं.” अन् आत जाऊन तुही टोपी घेऊन बसली. काल दिवसभर चूल पेटली नाही. संध्याकाळी मी भाकरी केल्या, अर्ध्या जळल्या. बाबानं जळक्या आपल्या ताटात घेतल्या.

आज सकाळी बाबा म्हणे, मी त्याले पत्र लिहितो. मी म्हटलं, थापड पत्रातून मारली होती काय? चारचौघांत मारली, चारचौघांत सांगा. पौर्णिमेले विहारात सारे येतात, तिथं सांगा. बाबा म्हणे, माह्यानं नाही होणार, या वयात. मी म्हटलं, माह्यानं होते, मी माहं सांगणार, तुमी तुमचं पाहा. मंग तुहं लगन कसं होईन, म्हणे. मी म्हटलं, ज्याले हे ऐकून नको वाटन तो नकोच.

तेव्हापासून अबोला. भंगारवाला पौर्णिमेच्या आधीच, परवा, गाडी पाहून भाव सांगाले येणार आहे, म्हणून मी चारही चाकं काढून गॅरेजात नेली, टेम्पोत टाकून. आता उचलून नेते तर नेऊ दे विटांवरून. खेमसिंग काका हसून हसून बेजार. त्यायले पण पौर्णिमेले यायचं सांगतलं, काहून ते नाही सांगतलं.

दादा, मी तुले माफ कर असं लिहीत नाही. ते तुह्याकडं मागायच्या आधी मले गावापुढं उभं राहायचं आहे.

साधना


३ मे २०२६

दादाले जयभीम.

शुक्रवारी पौर्णिमा झाली. ऊन चव्वेचाळीस. विहारात पंखे दोन, माणसं शंभरेक. बाया एका बाजूले, माणसं एका बाजूले. खेमसिंग काका दारापाशी, चप्पल काढू का नको अशा उभ्यानं. वंदना झाली, खीर वाटायच्या आधी मी उभी राह्यली. तक्ता पहिले उलटाच धरला, खोटं कायले लिहू. पण एकदा सुरू केलं मंग थांबली नाही. आकड्यायचं समजावलं, तक्ता दाखवला, खेमसिंग काकाले विचारलं, काका, बरोबर आहे का नाही? काका म्हणे, बरोबर आहे, मीच चुकीचं बोललो होतो. मंग कॅनचं सांगतलं, माहं. मधे कोणीतरी बायांमधून म्हटलं, अवं माय.

मी खाली बसली तर बाबा जाग्यावर नोता. मले वाटलं, गेला. दादा, तवा मले त्याचा एवढा राग आला का मी डोळे मिटून घेतले.

तो घरी गेला होता. परत आला तो पांढरा कॅन घेऊन. पुढं जाऊन उभा राह्यला. कॅन खाली ठेवला. भाषण त्याले येत नाही, तुले मालूम आहे. म्हणे, “पोरीनं भरलं, पण कॅनमध्ये ते मी ठेवलं होतं. मले पहिल्या दिवसापासून मालूम होतं. माह्या संघदीपचं तेल चांगलं होतं. मी त्याले उगाच मारलं, अन् उगाच मारलं हे मालूम असून गप बसलो.” एवढंच. मंग बसाले जागा शोधू लागला, त्याले ते दिसेना. शेजारच्या तानाबाई, नव्वदीच्या आहे त्या, सरकून जागा करून देत म्हणाल्या, “उकंडा, मंग आता पोराले बोलावशीन का मले जाऊन आणा लागन?” लोक हसले. बाबा रडला. मी पहिल्यांदा पाह्यलं.

सारं गोड झालं असं समजू नको. काल बसस्टँडवर एक जण मले पाहून दुसऱ्याले म्हणे, हेच ते डिझेलवाली. म्हणू दे. चार वर्षं तुले म्हटलं, आता मले म्हणतात, हिशोबात माणूस तरी बरोबर आहे. मायनं चूल पेटवली, पण बाबाशी अजून कामापुरतंच बोलते.

काल मी चाकं परत आणली. बाबानं जॅक धरला, न सांगता. भंगारवाल्याले त्यानं फोन करून ‘येऊ नको’ सांगतलं. मंग नव्या चौकटीले तेल लावाले विहारात गेला.

जीप चार चाकांवर उभी आहे, सपाट जागेवर. चेंबर अजून कोरडं. गॅरेजात पंधरा-चाळीसचा कॅन आहे, पाच-चाळीस नागपूरहून मागवता येते. मले तर पाच-चाळीसच टाकायचं आहे. तेच तेल टाकून, भर दुपारी, भरल्या गाडीनं पुसदचा घाट चढायचा आहे, गावाले दाखवून. बाबाले विचारलं, कोणतं टाकू? बाबा म्हणे, पत्र इकडं दे. खाली त्यानंच लिहिलं आहे. तेवढ्याले अर्धा तास लागला, मी पाह्यलं नाही, उठून बाहेर गेली होती.

साधना

[खाली, वेगळ्या अक्षरात]

संघदीप, जयभीम. गाडीत तेल कोणतं टाकायचं ते मी तुले त्या दिवशी घाटात विचाराले पाहिजे होतं. आज विचारतो. तू सांगशीन तेच टाकतो. तुहा बाप, उकंडा.


१६ मे २०२६

साधना,

पुढची चारही पत्रं भेटली. रस्ता बर्फानं बंद होता, एप्रिलमधली दोन एकाच दिवशी आली. मी पहिल्या पत्रापासून सारं वाचलं. एकही फाडलं नाही. मधलं वाचून दोन दिवस तुह्यावर एवढा राग होता का जवळ असती तर बोललो नसतो. आता थोडा कमी आहे. सारा गेला नाही, खोटं सांगत नाही.

बाबाले सांग, पंधरा-चाळीस टाका. आपल्या हवेले ते पुरते. पाच-चाळीस चालते, पण आपल्या इथं कोणाच्या गाडीत तेल गोठून राह्यलं? गावाले दाखवाले महागाचं तेल कायले जाळते. पहिले पाचशे किलोमीटर गाडी दमानं चालव, अकरा माणसं भरू नको, नवे बेरिंग आहेत. मंग तेल बदल. घाट नंतर.

थापडीचं मी अन् बाबा पाहून घेऊ. ते पत्रात नाही लिहीत.

एक गोष्ट तुह्या लक्षात आली नाही, का आली अन् तू लिहिली नाही. गाडी उतारावर होती. तशा उतारावर डिपस्टिक कमीच दाखवते. तेल बरोबर होतं, मीच आदल्या दिवशी खुणेपर्यंत भरलं होतं, टाकायची गरजच नोती. गाडी सपाट जागेवर लाव अन् मंग पाह्य, हे तुले सांगायचं काम माहं होतं. मी सांगतलं नाही, आंघोळीतून ओरडलो. कॅन दोन आहेत हेही सांगतलं नाही. चार वर्षं मी बाबाले शिव्या दिल्या अन् हे मले एकदाही आठवलं नाही.

जूनच्या नऊ तारखेले मी निघतो. नागपूरले अकरा तारखेले सकाळी उतरीन. जीप घेऊन ये, तू चालव, बाबाले बाजूले बसव. निघायच्या आधी तेल पाह्यशीन. सपाट जागेवर.

मायले सांग, टोपी धुवू नको, लोकर आटते. अन् घरातल्या एकूणएक कॅनवर आत काय आहे ते लिहून ठेवा.

संघदीप